स्वराच्या शेजारी कोण? समरूप की-बोर्डवर वेगवेगळ्या स्वरमांडण्या करून पाहण्याची पद्धत

पांढरी एकचा सा धरून शुद्ध स्वरांची सरगम वाजवा. सातही स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. आता सा फक्त अर्ध्या स्वराने चढवून काळी एकवर न्या. सा आणि रे काळीवर, ग पांढरीवर, म-प-ध तिन्ही काळीवर आणि नी पुन्हा पांढरीवर. कानाला सरगम तीच, पण हाताला सगळं नव्याने शिकावं लागतं. सा बदलला की हात बदलला.

समरूप, म्हणजेच आयसोमॉर्फिक की-बोर्ड ही अडचण मुळातच दूर करतो. त्यावर सगळी बटणं एकाच आकाराची असतात आणि जाळीसारखी सारख्या अंतरावर बसवलेली असतात. एका बटणावरून ठरावीक दिशेने ठरावीक घरं गेलं की स्वरांतर नेहमी तेच मिळतं. सा-ग-पचा आकार एकदा हातात बसला की जाळीवर कुठेही तोच चालतो.

इथवरची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. पण जाळी तीच ठेवून तिच्यावर स्वर कसे पेरायचे, हा प्रश्न फार कमी जण विचारतात. वाद्य ज्या मांडणीत हातात आलं तीच वर्षानुवर्षं वाजवली जाते. माझं सांगणं एवढंच आहे की मांडणी निवडणं म्हणजे प्रत्येक स्वराला शेजारी निवडून देणं. कोणता स्वर बोटाला लागूनच आहे आणि कोणत्यासाठी पंजा ताणावा लागतो, यावर तुमच्या हातून काय वाजेल हे बऱ्याच अंशी ठरतं. तेव्हा मांडणी घेताना तिचे शेजारी तपासून घ्यावेत. ते कसे तपासायचे, ते पुढे क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: मांडणी म्हणजे दोन आकडे

सगळं अर्धस्वरांत मोजायचं. सा म्हणजे ०, कोमल रे १, रे २, कोमल ग ३, ग ४, म ५, तीव्र म ६, प ७, कोमल ध ८, ध ९, कोमल नी १०, नी ११ आणि वरचा सा १२.

कोणतीही समरूप मांडणी सांगायला दोन आकडे पुरतात. एक घर उजवीकडे गेल्यावर किती अर्धस्वर चढतात, हा पहिला. एक ओळ वर गेल्यावर किती चढतात, हा दुसरा. बटणं चौकोनी जाळीत असतील तर ‘वर’ म्हणजे सरळ वर. षटकोनी जाळीत वरची ओळ अर्ध्या घराने सरकलेली असते, म्हणून तिथे ‘वर’ म्हणजे उजवीकडचं वरचं बटण धरायचं. डावीकडच्या वरच्या बटणाचा आकडा वेगळा ठरवावा लागत नाही, कारण दुसऱ्यातून पहिला वजा केला की तो मिळतो. उजवीकडे २ आणि उजवीकडे-वर ७ असेल, तर डावीकडे-वर ५ येणारच.

यातून कोणत्याही बटणाचा स्वर काढता येतो. मूळ स्वरात ‘उजवीकडची घरं गुणिले पहिला आकडा’ मिळवा, मग ‘वरच्या ओळी गुणिले दुसरा आकडा’ मिळवा. डावीकडे किंवा खाली जायचं असेल तर वजा करा. मिडीमध्ये, म्हणजे संगीताच्या यंत्रांना स्वर आकड्यांत सांगण्याच्या पद्धतीत, मधल्या सप्तकाच्या पांढरी एकचा क्रमांक ६० असतो. तो मूळ धरला की आलेलं उत्तर थेट यंत्राला देता येतं.

दोन आकडे ठरले की लगेच एक गोष्ट तपासायची: त्यांना १ सोडून दुसरा समान विभाजक नसावा. २ आणि ४ घेतलेत तर जाळी कितीही मोठी असली तरी सा, रे, ग, तीव्र म, कोमल ध आणि कोमल नी एवढेच सहा स्वर मिळतील. शुद्ध म आणि प सापडणारच नाहीत.

दुसरी पायरी: कागदावर आधी

यंत्राला हात लावण्याआधी कागद घ्यावा, असा माझा आग्रह आहे. यंत्रावर मांडणी बदलली की लगेच काहीतरी वाजतं आणि त्या नव्या आवाजाच्या भरात शेजारी तपासायचे राहूनच जातात.

षटकोनी जाळी काढताना दोन बटणांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर १९ मिलिमीटर ठेवा. कॉम्प्युटरच्या नेहमीच्या की-बोर्डवर दोन बटणांत साधारण एवढंच अंतर असतं आणि बोटांना ते सोयीचं जातं. मधल्या एका घरात ० लिहा आणि तिथून दोन आकड्यांनी चहूकडे भरत जा. १२ किंवा त्याहून वर गेलात तर १२ वजा करून लिहा, ०च्या खाली गेलात तर १२ मिळवा, म्हणजे प्रत्येक सा ० दिसेल. मग सगळ्या शून्यांना रंगीत पेन्सिलीने गोल करा.

आता त्या गोलांकडे बघत बसा. त्यांची नक्षी बरंच काही सांगते. ते सरळ उभ्या रांगेत आहेत की तिरके धावतायत? दोन सांच्या मध्ये बोटं किती ताणावी लागतात? काही गोल एकाच उंचीचे, म्हणजे हुबेहूब तोच स्वर असतील, कारण प्रत्येक मांडणीत स्वर कुठेतरी पुन्हा येतो. तो किती घरांवर येतो हे लिहून ठेवा. पुनरावृत्ती जवळ असेल तर एकच वाक्य दोन तऱ्हांनी वाजवता येतं आणि अडलेल्या बोटाला वाट मिळते, पण त्याच बटणांत कमी सप्तकं बसतात. पुनरावृत्ती लांब असेल तर पल्ला वाढतो, पण वाट एकच उरते.

मग पंजा त्या कागदावर ठेवा. अंगठा शून्यावर, आणि बाकीची बोटं सैल सोडल्यावर कुठे पडतात ते पाहा. बोटांखालचे आकडे म्हणजे त्या मांडणीचे खरे शेजारी.

तिसरी पायरी: या पाच मांडण्या ओळखून घ्या

मांडण्या हव्या तेवढ्या रचता येतात, पण सुरुवात या पाचांपासून केलेली बरी. प्रत्येकीचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

सगळ्यात सोपी चतुर्थाची जाळी. आकडे १ आणि ५, जाळी चौकोनी. ओळीत अर्धा-अर्धा स्वर चढतो आणि प्रत्येक वरची ओळ मध्यमाने वर असते. एबलटन पुश या इलेक्ट्रॉनिक वाद्याच्या आठ बाय आठच्या पॅडवर बाराही स्वर उघडले की मूळची मांडणी हीच असते. लिनस्ट्रुमेंट या स्पर्शाने वाजणाऱ्या वाद्याच्या ८ ओळी आणि २५ रकान्यांवरही हीच असते, आणि तिथे ओळींमधलं अंतर सेटिंगमधून बदलता येतं. गिटार वाजवणाऱ्याला हे घर ओळखीचं वाटेल. गिटारच्या नेहमीच्या जुळणीत एकाच ठिकाणी, वरून दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेमध्ये, मध्यमाऐवजी गांधाराचं अंतर असतं आणि त्यामुळे तिथे आकार मोडतो. इथे तो मोडत नाही. पाच घरं उजवीकडे आणि एक ओळ खाली गेलं की तोच स्वर पुन्हा येतो. त्यामुळे ६४ पॅडवर ४३ वेगळे स्वर मिळतात आणि लिनस्ट्रुमेंटच्या २०० घरांवर ६०, म्हणजे बरोबर पाच सप्तकं. बोट न उचलता सरकवता येणाऱ्या पृष्ठभागावर या मांडणीला तोड नाही. ओळ अर्धस्वरांची असल्यामुळे उजवीकडे घसरलेलं बोट मधले सगळे स्वर घेत जातं. मींड ज्यांच्या वाजवण्याचा गाभा आहे त्यांनी इथूनच सुरुवात करावी.

यांकोची मांडणी पियानोची सगळ्यात जवळची नातेवाईक. हंगेरियन पाउल फॉन यांको यांनी ती १८८२ साली आखली. ओळीत उजवीकडे २, उजवीकडे-वर १. दोन ओळी वर गेलं की तोच स्वर परत येतो, त्यामुळे पल्ला फक्त आडवा वाढतो. सरगम अशी पडते: खालच्या ओळीत सा, रे, ग, तिथून वरच्या ओळीत म, प, ध, नी, आणि वरचा सा पुन्हा खालच्या ओळीत. डावीकडे खर्ज, उजवीकडे तार, ही पियानोची सवय जशीच्या तशी कामी येते. पियानोवरून येणाऱ्याला सगळ्यात कमी त्रास इथे होतो.

विकी-हेडन मांडणीवर मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे. कास्पर विकी या स्विस माणसाने १८९६ साली तिचं पेटंट घेतलं. पुढे ब्रायन हेडन यांना तीच मांडणी स्वतंत्रपणे सुचली आणि त्यांचं पेटंट १९८६चं आहे. उजवीकडे २, उजवीकडे-वर ७, डावीकडे-वर ५. म्हणजे साच्या डोक्यावरच्या दोन बटणांत डावीकडे म आणि उजवीकडे प. सरगम पुन्हा तीन आणि चारमध्ये विभागली जाते: एका ओळीत सा, रे, ग, वरच्या ओळीत म, प, ध, नी, आणि वरचा सा खालच्या साच्या बरोबर डोक्यावर, दोन ओळी वर.

कागदावर ती अशी भरा (सप्तकं कळावीत म्हणून इथे १२ वजा केलेले नाहीत). खालची ओळ: −२, ०, २, ४. मधली ओळ, अर्धं घर डावीकडे सरकवून: ३, ५, ७, ९, ११. वरची ओळ, खालच्या ओळीच्या बरोबर वर: १०, १२, १४, १६. सातही शुद्ध स्वर एका गठ्ठ्यात येतात आणि कोमल-तीव्र त्या गठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना ढकलले जातात. एका सप्तकाच्या सरगमेला चार रकान्यांची रुंदी पुरते. पियानोवर एक सप्तक सुमारे साडेसोळा सेंटीमीटर पसरतं. इथे ते १९ मिलिमीटरच्या बटणांवर जेमतेम चार सेंटीमीटर उंचीत मावतं. एका पंजात दोन सप्तकं आरामात येतात, आणि हे पहिल्यांदा हाताला जाणवतं तेव्हा फार आनंद होतो.

याची किंमत अर्धस्वर मोजतो. ग वरून म ला जाताना अडीच घरं डावीकडे आणि एक ओळ वर उडी मारावी लागते. नी वरून वरच्या साला जातानाही तीच उडी. सरळ चालीची गाणी इथे झरझर वाजतात, पण कोमल-शुद्ध एकापाठोपाठ आले की हात पळापळ करतो.

हार्मोनिक टेबल ही मांडणी कॉर्डसाठीच, म्हणजे एकत्र वाजवायच्या स्वरांसाठीच, जन्माला आली आहे. तिचं मूळ गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर यांनी १७३९ साली मांडलेल्या स्वरजाळ्यात आहे. इथे षटकोन असे ठेवतात की बटणं उभ्या रांगांत लागतात: सरळ वर ७, उजवीकडे-वर ४, डावीकडे-वर ३. म्हणून सा, त्याच्या उजवीकडे-वर ग आणि बरोबर डोक्यावर प, तिन्ही एकमेकांना चिकटलेले. मेजर कॉर्ड एका बोटाने दाबता येते. मायनर कॉर्ड (सा, कोमल ग, प) म्हणजे हाच त्रिकोण डावीकडे उलटवलेला. सा-ग-प-नी हवं असेल तर त्याच दोन उभ्या रांगांत नागमोडी वर जायचं. आडव्या दिशेने एक रांग सोडून पुढच्या रांगेत गेलं की अर्धा स्वर चढतो, पण शेजारच्या वाटणाऱ्या सा आणि रे मध्ये मात्र बरंच अंतर पडतं. वरचा सा उजवीकडे-वर तीन घरांवर आहे. सरगम वाजवताना बोटं जाळीभर फिरतात.

पाचवी, अकॉर्डियनची बटणमांडणी. ओळीत ३, शेजारच्या ओळींत १ आणि २. हिची दोन रूपं प्रचलित आहेत आणि ती एकमेकांची आरशातली प्रतिमा आहेत. बारा स्वरांना तीन ओळी पुरतात, पण तीन ओळींत कोणत्या ओळीपासून सुरुवात केली त्यानुसार तीन बोटरचना शिकाव्या लागतात. म्हणून चौथ्या आणि पाचव्या ओळीत पहिल्या दोन ओळी पुन्हा दिलेल्या असतात. मग एकच बोटरचना बाराही सांना पुरते. जलद तानांसाठी ही मांडणी फार जुनी आणि कसाला उतरलेली आहे.

चौथी पायरी: हाताशी असलेल्या की-बोर्डवर वाजवून पाहा

महागडं वाद्य घेण्याआधी कॉम्प्युटरच्या की-बोर्डवरच प्रयोग करता येतो. त्याच्या ओळी एकमेकींपासून थोड्या सरकलेल्या असतात, त्यामुळे तो जवळजवळ षटकोनी जाळीसारखाच चालतो. बटणाला स्वर नेमून देता येईल असं कोणतंही संगीताचं सॉफ्टवेअर चालेल.

विकी-हेडन बसवायची असेल तर ‘व्ही’वर सा ठेवा. ‘बी’ रे आणि ‘एन’ ग होईल. ‘व्ही’च्या डोक्यावर डावीकडे ‘एफ’ आहे, तो म. उजवीकडे ‘जी’ आहे, तो प. ‘एच’वर ध, ‘जे’वर नी, आणि वरचा सा ‘टी’वर. बाकीचे आकडे असे भरा: खालच्या ओळीत ‘झेड’पासून −६, −४, −२, ०, २, ४, ६, आणि स्वल्पविरामाच्या बटणावर ८. मधल्या ओळीत ‘ए’पासून −१, १, ३, ५, ७, ९, ११, १३, १५. वरच्या ओळीत ‘क्यू’पासून ४, ६, ८, १०, १२, १४, १६, १८, २०, २२. प्रत्येकात ६० मिळवलं की मिडी क्रमांक तयार.

आता ‘व्ही’, ‘एन’, ‘जी’ एकत्र दाबा: मेजर कॉर्ड. ‘एन’ सोडून ‘डी’ दाबा: मायनर. ग उजवीकडून उठून डावीकडे, वरच्या ओळीत गेला. पियानोवर हाच बदल म्हणजे एक बोट एका पट्टीने सरकवणं, इथे तो पंजाचा आकारच पालटतो. मग सा एका स्वराने चढवा. ‘बी’पासून सुरू करून ‘बी’, ‘एन’, ‘एम’, ‘जी’, ‘एच’, ‘जे’, ‘के’, ‘वाय’. बोटांनी काहीही नवं केलं नाही आणि पट्टी बदलली.

इथे एक अडथळा येऊ शकतो. अनेक की-बोर्ड काही ठरावीक तीन बटणं एकदम दाबली की तिसरं नोंदवतच नाहीत. स्वर गायब झाला म्हणून मांडणीला दोष देऊ नका. तीच तीन बटणं मजकूर लिहायच्या खिडकीत एकदम दाबून बघा. तिथेही दोनच अक्षरं उमटली तर दोष बटणांचा आहे. तेव्हा सगळा नकाशा एक-दोन घरं सरकवून वेगळी बटणं वापरा.

आठ बाय आठचं पॅड असेल तर प्रत्येक पॅडचा क्रमांक पहिल्या पायरीच्या सूत्राने काढून टाका. चौकोनी जाळीवर षटकोनी मांडणी बसते, फक्त ओळ अर्ध्या घराने सरकलेली नसल्यामुळे सगळे आकार तिरपे होतात. विकी-हेडन चौकोनी पॅडवर बसवलीत तर वरचा सा डोक्यावर न येता एक घर डावीकडे जातो. चालवून घेता येतं, पण मांडणीचं मूळ सौंदर्य तिथे पुरतं कळत नाही. २८० षटकोनी बटणांच्या लुमाटोनसारख्या वाद्यावर ही तडजोड करावी लागत नाही.

पाचवी पायरी: प्रत्येक मांडणीला त्याच कसोट्या लावा

मन फार लवकर नव्या मांडणीच्या प्रेमात पडतं. म्हणून कसोट्या आधी ठरवाव्यात आणि प्रत्येक मांडणीला त्याच लावाव्यात.

तीन वेगळ्या सांवरून शुद्ध सरगम, चढती आणि उतरती, एकाच बोटरचनेने. मग सा ते वरचा सा, बाराही स्वर क्रमाने, सावकाश. मग सा-ग-प, म-ध-सा, प-नी-रे या तीन कॉर्ड एकामागून एक, लय न तोडता. मग डोळे मिटून सावरून वरच्या सावर उडी, दहा वेळा, आणि किती वेळा बरोबर पडली ते मोजायचं. शेवटी, तोंडपाठ असलेली पण या मांडणीवर कधीही न वाजवलेली एक चाल, थेट.

शेवटची कसोटी मला सगळ्यात मोलाची वाटते. आधीच्या चार सरावाने सुधारतात. पाचवीत कळतं की कानाने मागितलेला स्वर हाताला आपणहून सापडतो का. कुठे अडखळलात ते त्या क्षणी लिहून ठेवा: कोणत्या स्वरावरून कोणत्या स्वराकडे जाताना. तेच स्वरांतर पुन्हा पुन्हा अडत असेल तर त्या मांडणीत ते दोन स्वर तुमच्या हाताला शेजारी नाहीत.

मी हार्मोनिक टेबलापासून सुरुवात केली होती. कागदावर ती मांडणी इतकी देखणी होती की दुसरी पाहावीशीच वाटली नाही. कॉर्ड सुंदर वाजत होत्या. पण माझं मन रमतं चालींत, आणि प्रत्येक चालीत सा वरून रे ला जाताना हात घुटमळायचा. वहीत सलग नऊ दिवस ‘सा-रे’ हीच नोंद होती. ती पाहिल्यावर मी विकी-हेडनकडे वळलो, जिथे सा आणि रे अंगाला अंग लावून बसतात.

एका मांडणीला किमान तीन आठवडे द्या. त्याआधी हात जुन्या सवयीनेच शोधत असतो आणि तुम्ही नव्या मांडणीची नव्हे, जुन्या सवयीची परीक्षा घेत असता. दोन मांडण्या एकाच आठवड्यात आलटून पालटून वाजवू नका.

चुकलेलं बोट कुठे पडतं

ही कसोटी मी वेगळी ठेवली आहे, कारण मांडणीचा स्वभाव तिच्यात जितका उघडा पडतो तितका इतर कशातच पडत नाही.

बोट एका घराने चुकलं तर काय वाजतं? चतुर्थाच्या जाळीत ओळीतला शेजारी अर्धस्वराचा. पंचमाऐवजी तीव्र मध्यम वाजला की कान क्षणात टोचतो. अकॉर्डियनच्या मांडणीतही ओळ चुकली की अर्धा किंवा पूर्ण स्वर. विकी-हेडनमध्ये शेजारी पूर्णस्वर, मध्यम किंवा पंचम. म्हणजे चूक झाली तरी ती सुसंवादी असते. हार्मोनिक टेबलात तर शेजारी गांधार आणि पंचमच आहेत. बोट घसरलं की वेगळी कॉर्ड वाजते, पण गोडच वाजते.

शिकणाऱ्याच्या दृष्टीने टोचणारी चूक चांगली. ती जागच्या जागी कळते आणि जागच्या जागी सुधारते. गोड चूक ऐकू येत नाही आणि हळूहळू हातात मुरते. म्हणून विकी-हेडन किंवा हार्मोनिक टेबल घेतलंत तर पहिला महिना प्रत्येक वाक्य आधी तोंडाने म्हणा, मग वाजवा, आणि आठवड्यातून एकदा ध्वनिमुद्रण करून ऐका. उलट ज्याला वाजवता वाजवता नवं सुचायला हवं आहे, त्याला याच गोड चुका वाटा दाखवतात. मला काही आवडत्या स्वरजोड्या अशा घसरलेल्या बोटानेच दिल्या आहेत.

खुणा, कडा आणि डावा हात

पियानोवर काळ्या पट्ट्या उंच असतात, त्यामुळे न बघताही जागा कळते. समरूप जाळीवर सगळी बटणं बोटाला सारखीच लागतात. डोळे मिटून वाजवताना एका घराने सरकलो तर सगळं गाणं वेगळ्याच पट्टीत जातं आणि सुरुवातीला ते लक्षातही येत नाही. उपाय साधा आहे: कापडी चिकटपट्टीचा मसुराएवढा तुकडा कापून मूळ सावर लावा. एकाच सावर. सगळ्या सांवर लावलेत तर बोटाला पुन्हा सगळे सारखेच. रंगीत दिवे असतील तर एक रंग साला आणि दुसरा पला द्या, बाकी सगळं विझवा. पियानोच्या काळ्या-पांढऱ्याचे रंग देण्याचा मोह होतो. तो टाळा, नाहीतर डोळे पियानोच शोधत राहतात आणि सा हलवण्याची मोकळीक तुम्ही वापरतच नाही.

जाळी तत्त्वतः सगळीकडे सारखी असली तरी तिला कड असते. सा कडेला आला की आकाराचा एखादा स्वर बाहेर पडतो. म्हणून ज्या पट्ट्यांत तुम्ही नेहमी वाजवता त्यातली सगळ्यात खालची आणि सगळ्यात वरची घेऊन पूर्ण सरगम जाळीत बसते का ते कागदावरच पाहा. बसत नसेल तर मूळ क्रमांक हलवा.

डाव्या हातासाठी मांडणी आरशासारखी उलटवण्याची पद्धत आहे, म्हणजे दोन्ही अंगठ्यांना तेच काम. स्नायूंना ते सुखाचं जातं, पण डोळ्यांना दोन नकाशे सांभाळावे लागतात. दोन हातांना दोन वेगळी वाद्यं असतील तर अवश्य करा. एकाच जाळीवर मात्र दोन्ही हातांना एकच दिशा ठेवा.

शेवटची पायरी: बारा स्वरांच्या पलीकडे

समरूप मांडणीचं सगळ्यात खोल देणं इथे आहे. हाताचे आकार तसेच ठेवून खालची स्वरजुळणीच बदलता येते.

नेहमीच्या जुळणीत सप्तकाचे १२ समान भाग असतात. स्वरांतर बारकाईने मोजायचं एकक म्हणजे सेंट: सप्तकात एकूण १२०० सेंट, प्रत्येक भाग १०० सेंटचा. पंचम ७०० सेंटवर येतो, नैसर्गिक, म्हणजे साशी तंतोतंत जुळणारा पंचम ७०२च्या जवळ असतो, हा फरक किरकोळ. पण गांधार ४०० सेंटवर येतो आणि नैसर्गिक गांधार ३८६वर असतो. हा फरक कानाला कळतो. सप्तकाचे ३१ समान भाग केले तर गांधार १० भागांवर, ३८७ सेंटवर येतो. पंचम मात्र १८ भागांवर, ६९७च्या आसपास, थोडा उतरतो.

विकी-हेडनचे आकडे आता नव्याने भरा: उजवीकडे ५, उजवीकडे-वर १८, डावीकडे-वर १३. १९ भागांसाठी ३, ११ आणि ८. ५३ भागांसाठी ९, ३१ आणि २२. सरगमेचा आकार प्रत्येक वेळी तोच. रॉबर्ट बोसान्के यांनी १८७०च्या दशकात ५३ भागांची हार्मोनियम बनवली तीही याच विचारावर: स्वर कितीही वाढले तरी हाताचा आकार एकच राहावा.

सॉफ्टवेअर सप्तकाचे हवे तेवढे भाग करू देत असेल तर आधी बाराच भाग ठेवून कॉम्प्युटरच्या की-बोर्डवर ‘जी’ला सा माना. कोमल रे दोन ठिकाणी सापडेल. एक ‘ई’वर, डावीकडे-वर जाऊन दोन घरं डावीकडे. दुसरा स्वल्पविरामाच्या बटणावर, उजवीकडे-खाली जाऊन तीन घरं उजवीकडे. दोन्ही बटणं आलटून पालटून दाबा, एकच स्वर ऐकू येईल. मग ३१ भागांची जुळणी लावून तीच दोन बटणं दाबा. ‘ई’ आता साच्या वर तीन भाग, ११६ सेंटवर आहे, आणि स्वल्पविराम दोन भाग, ७७ सेंटवर. सा धरून ठेवा आणि दोन्ही सावकाश ऐका.